फ्लॅक शून्य, पण लेकरू जागं आहे का?

रात्रपाळीला हँडओव्हर घेताना एक वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. "चार नंबरचं लेकरू एकदम शांत आहे, फ्लॅक शून्य." फ्लॅक म्हणजे वागण्यावरून मुलाचं दुखणं मोजायचे गुण, शून्य म्हणजे दुखत नाही. शांत म्हणजे कसं? आईच्या मोबाइलवर कार्टून बघत पडलंय, की हाक मारली तरी डोळे उघडत नाही? न्यूरोच्या आयसीयूत हे विचारल्याशिवाय मी पेन हातात घेत नाही.

जीसीएस, म्हणजे शुद्ध किती आहे ते मोजायचे गुण, तुम्हाला तोंडपाठ आहेत. डोळे ४, बोलणं ५, हालचाल ६, एकूण १५, कमीत कमी ३. तान्ह्या बाळासाठी बोलण्याचे निकष वेगळे. झालं.

फ्लॅक १९९७ सालचं, अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातलं. दोन महिने ते सात वर्षांच्या मुलांसाठी. चेहरा, पाय, अंगाची हालचाल, रडणं आणि समजूत काढल्यावर शांत होतं का, या पाच गोष्टींना ० ते २ गुण, एकूण १०. जीसीएस जितका जास्त तितकं बरं, फ्लॅक जितका कमी तितकं बरं. हा उलटा हिशोब नवीन पोरींनाही आठवडाभरात जमतो, तिथे कोणी फसत नाही.

फसतात ते इथे. जीसीएस ३ असलेल्या मुलाचा फ्लॅक काढून बघा. चेहरा निर्विकार, ०. पाय सैल, ०. हालचाल नाही, तळमळ नाही, ०. रडत नाही, ०. समजूत काढायची गरजच नाही, ०. म्हणजे खोल कोमातल्या लेकराला दुखण्याच्या परीक्षेत पैकीच्या पैकी! फ्लॅक फक्त दुखण्याची वागणूक बघतो. वागायला शुद्ध आहे की नाही, हे त्याला कळत नाही. म्हणून मेंदूच्या ऑपरेशननंतर आधी जीसीएस, मग फ्लॅक. चार्टवर रकाने कसेही छापलेले असोत.

हे मी शिकले ते माझ्याच चुकीतून. पाच वर्षांची मुलगी, बालाघाटकडची, डोक्याच्या मागच्या भागातली गाठ काढलेली. संध्याकाळभर मान दुखते म्हणून रडली. रात्री बाराला गप्प झाली. आई म्हणाली, "सिस्टर, आत्ताच झोपून राह्यली जी, उठवू नका." मलाही दया आली. लांबूनच बघितलं आणि फ्लॅक ० लिहिला. तासाभराने मॉनिटर नीट वाचला. नाडी १२० वरून ७४ वर आलेली. वाटलं, दुखणं थांबलं. पण वरचा बीपी १०४ चा १३२ झाला होता. दुखणं थांबलं की नाडी उतरते आणि बीपीही उतरतो. नाडी खाली आणि बीपी वर, म्हणजे कवटीतला दाब वाढतोय. हाक मारली, उठेना. चिमटा घेतला तेव्हा कुठे हात हलवला. डॉक्टरांना बोलावलं, सीटी झाला, मेंदूत पाणी साठलं होतं, पहाटे ते काढायला ड्रेन टाकला. मुलगी वाचली. पण तो बाराचा शून्य माझ्या अक्षरातला आहे.

याच्या उलट टोकाचा घोळही तितकाच चीड आणणारा. "मेंदूला दुखत नाही, कशाला औषध?" मेंदूच्या गराला दुखत नाही, हे खरं. पण कातडी, स्नायू, हाडावरचं आवरण, मेंदूभोवतीचं जाड आवरण, यांना कापलंय ना? मागून ऑपरेशन असेल तर मानेचे स्नायू उघडलेले असतात. असं एखादं लेकरू रडत नाही, मान आखडून पडून राहतं, कारण हललं की दुखतं. हेही "शांत" म्हणूनच नोंदवलं जातं.

म्हणून चादर बाजूला करा. एसी गार असतो, आया लेकराला गळ्यापर्यंत गुंडाळून ठेवतात आणि आपण चेहरा बघून पाच गोष्टींचे गुण देऊन टाकतो. पाय दिसले पाहिजेत. जागं असेल तर किमान मिनिटभर, झोपलं असेल तर पाच मिनिटं बघायचं आणि अंगाला हात लावून ताठरपणा तपासायचा. जे मूल आधीपासूनच मंद किंवा झटके येणारं आहे, त्याच्या आईला विचारा, "याला दुखतं तेव्हा हा काय करतो?" कोणी ओठ चावतं, कोणी नुसतं एकटक बघतं. मागच्या भागाच्या ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांनी काही मुलांचं बोलणंच बंद पडतं. किती दुखतं ते विचारायला त्यांच्यापुढे हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता धरून उपयोग नाही.

औषधांचं थोडक्यात. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, घड्याळ लावून. "रडलं तर द्या" ही ऑर्डर मला मान्य नाही. आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका, ते सर्जनला विचारूनच. मॉर्फिनची भीती नको, पण दिल्यानंतर श्वास मोजायचे. श्वास मंदावला की कार्बन डायऑक्साइड साठतो आणि डोक्यातला दाब चढतो. मॉर्फिनने डोळ्यांतल्या दोन्ही बाहुल्या बारीक होतात. एकच बाहुली मोठी दिसली तर मॉर्फिनवर ढकलू नका, धावा. कोडीन बारा वर्षांखाली नकोच. काही मुलांच्या शरीरात त्याचं मॉर्फिन इतक्या झपाट्याने बनतं की श्वास थांबू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच तशी मनाई केली आहे.

आणि नोंद करताना नुसता शून्य लिहू नका. "जीसीएस १५, फ्लॅक ०, जागी, संत्र्याची गोळी मागतेय" असं लिहा. पुढच्या पाळीच्या सिस्टरला मग मला विचारावं लागत नाही.