पाट्याचा कोयता आणि अनोळखी पोलाद

गोव्यात कोयता घेताना आजही विचारतात, "पाट्याचा आहे ना?" पाटा म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगची पट्टी. त्या शब्दावरचा भरवसा ट्रकांच्या जमान्यातला आहे.

त्याआधी लोहाराच्या हाती घडीव लोखंड असे, नाहीतर बैलगाडीच्या चाकाची धाव. धावेत कार्बन इतका कमी की पाणी दिले, म्हणजे तापवून पाण्यात बुडवली, तरी ती कडक होत नाही. म्हणून धारेपुरती पोलादाची पट्टी टाकणखार लावून भट्टीत सांधावी लागे. सांध्यात खपली राहिली की नारळ सोलता सोलता धारच सुटून येई.

टेल्कोने (आजच्या टाटा मोटर्सने) डायम्लर-बेंझच्या सहकार्याने 1954 मध्ये ट्रक बांधायला घेतले. 1961 मध्ये गोवा मुक्त झाला आणि पुढे खाणपट्ट्यात ट्रकांची रीघ लागली. डिचोली, सत्तरी, सांग्याचे खनिज ट्रकने नदीकाठच्या धक्क्यावर आणि तिथून बार्जने मुरगावला जाई. जादा भार आणि खड्डे यांत पाटे मोडत, आणि मोडका पाटा लोहाराला आयती पट्टी होई. रेंदेराच्या (माडाची सूर काढणाऱ्याच्या) कातीपासून घरच्या विळीपर्यंत सगळे त्यातून निघे. सांधा नको, अख्खे पातेच कडक होणारे. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी बंद पडल्या. आज भंगाराच्या ढिगात वेगवेगळ्या काळांतले पाटे एकत्र पडलेले असतात, आणि घोळ होतो तो इथेच.

पाटा एकाच पोलादाचा नसतो. ईएन 45 या प्रतीचे पोलाद सिलिकॉन-मँगनीजचे: कार्बन 0.55 टक्क्यांच्या आसपास, सिलिकॉन दीड ते दोन टक्के. एसयूपी 9 आणि 5160 या प्रतींत कार्बन 0.5 ते 0.64, शिवाय पाऊण टक्क्याच्या आगेमागे क्रोमियम. क्रोमियममुळे पोलाद सावकाश थंड केले तरी आतपर्यंत कडक होते. तेच पाण्यात बुडवले तर पातळ धार आधी आकसते, जाड पाठ मागून फुगते आणि धारेला आडवी चीर जाते. सवयीने सरसकट पाणी देणे सोडायला हवे ते यासाठी.

ठिणग्यांवरून लोखंड ओळखण्याची पद्धत बुडापेस्टच्या माक्स बर्मान यांनी 1909 च्या सुमारास शास्त्रशुद्ध मांडली. ग्राइंडरवर मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि साध्या पडतात. कार्बन वाढला की टोकाला फुलबाजीसारखे फाटे फुटतात. ओळखीचा तुकडा शेजारी धरून पाहावे. ठिणगीवरून कार्बनचा अंदाज येतो, पण तापलेली पट्टी तेलात बुडवावी की पाण्यात हे तिच्यावर ठरवू नये.

ते ठरते तुकडा मोडून. बोटभर पट्टी कापा, चुंबक धरेनासे होईपर्यंत तापवा, त्याहून किंचित पुढे, सुमारे 830 अंशांपर्यंत न्या आणि 50-60 अंशांच्या कोमट तेलात बुडवा. कानस घसरली तर पट्टी कडक झाली. मग ती फडक्यात गुंडाळून, चष्मा लावून, शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून हातोड्याने मोडा. मोडीवर राखाडी, रेशमासारखा बारीक कण दिसला तर उष्णता बरोबर. साखरेसारखा चमकता कण म्हणजे जास्त तापले. न मोडता वाकली, तर दुसऱ्या तुकड्यावर पाणी आजमावा. पाण्यातही मऊच राहिली तर ती धारेच्या कामाची नाही.

कडक झालेले पाते तसेच वापरले तर पहिल्याच घावाला टवका उडतो. स्वयंपाकाच्या सुरीला 200 ते 220 अंशांवर एकेक तास दोनदा ठेवावे. कोयत्याला 250 पर्यंत, म्हणजे घासून उजळलेल्या पात्यावर तपकिरी रंग चढेपर्यंत.

सगळ्यात फसवा दोष डोळ्याला दिसत नाही. वर्षानुवर्षे वाकून पाट्यात केसासारख्या भेगा पडतात, विशेषतः मधल्या बोल्टच्या भोकाजवळ, आणि खाऱ्या हवेने गंजलेल्या खड्ड्यांपासून. मोडलेला पाटा असेल तर मोडीजवळचे चार-पाच बोटे आणि भोकाभोवतालचा भाग कापून टाकावा. उरलेली पट्टी लाल करून राखेत निववावी, ग्राइंडरने घासून केरोसीन लावून कोरडे पुसावे आणि वर खडूची पूड भुरभुरावी: भेग असेल तिथे काळी रेघ उमटते. अशी पट्टी भट्टीत घालू नये.