खानापूरचं रान कसं तुटत गेलं

बेळगावातून जांबोटीच्या रस्त्याला लागलं की पन्नास किलोमीटरच्या आत पाऊस दुपटी-तिपटीने वाढतो. शहरात वर्षाकाठी साधारण १३०० मिलिमीटर पडतो. कणकुंबी, आमगाव, गवाळी या पट्ट्यात चार हजारांचा आकडा ओलांडला तरी कुणाला नवल वाटत नाही. तेच ढग पूर्वेला सौंदत्तीकडे पोचतात तेव्हा जेमतेम सहाशे मिलिमीटर पाऊस उरतो. एका जिल्ह्यात एवढी तफावत! कळसा-भांडुरा नाल्यांच्या पाण्याचा वाद, भीमगड अभयारण्यातल्या गावांचं स्थलांतर, गोव्याकडे जाणाऱ्या अनमोडच्या रस्त्यावरची झाडतोड या सगळ्या बातम्या या तफावतीतून निघाल्या आहेत. वर्तमानपत्रात त्या वेगवेगळ्या पानांवर येतात म्हणून सुट्या वाटतात. माझ्या मते ही एकाच रानाची, खानापूर तालुक्यातल्या घाटमाथ्याच्या रानाची हकिगत आहे.

या रानाचा स्वभाव आधी सांगायला हवा. पृथ्वीवरच्या जमिनीपैकी सहा-सात टक्के भागावर उष्ण कटिबंधातली वर्षावनं आहेत आणि जमिनीवरच्या निम्म्याहून अधिक जीवजाती तिथे राहतात असं मानलं जातं. आपल्याकडचं रान त्या कुळातलं, पण जरा वेगळं. ॲमेझॉनसारखा बारमाही पाऊस इथे नाही. चार महिने धो धो आणि उरलेले सात-आठ महिने कोरडे. केरळकडून उत्तरेला येत जावं तसा हा कोरडा काळ लांबत जातो आणि सदाहरित झाडांच्या जाती कमी होत जातात. खानापूरच्या घाटमाथ्यावर घळी आणि ओढ्यांच्या काठी अंजनी, जांभूळ, रातांबा, रानजायफळ अशी दाट हिरवी राई दिसते. उताराला किंजळ, नाणा, ऐन लागतात, ते निमसदाहरित आणि पानझडी रान.

आत शिरून गुडघ्यावर बसावं आणि हाताने पाचोळा उकरून पाहावा. वर करकरीत पानं, त्याखाली शिरांची नुसती जाळी उरलेली पानं, त्याखाली बुरशीचे पांढरे धागे आणि ओलसर काळी माती. चार बोटं खाली गेलं की लाल जांभा लागतो. एवढ्या थोरल्या झाडांचं पोषण या चार बोटांत असतं. पान पडतं, कुजतं आणि मुळं ते लगेच वर ओढून घेतात. खालच्या जांभ्यात फारसा कस नाही, कारण हजारो पावसाळ्यांनी तो धुऊन नेलेला आहे. रान साफ करून शेती केली तर दोन-तीन वर्षांत जमीन दमते, ती यामुळे. पावसाचं पाणी हाच पाचोळा अडवतो, जांभ्याच्या भेगांतून मुरवतो आणि झऱ्यांतून मार्चपर्यंत सोडत राहतो. देगावजवळ उगम पावणारी म्हादई आणि कणकुंबीच्या माउलीच्या देवळापाशी उगम पावणारी मलप्रभा, दोघींची उन्हाळ्यातली धार अशीच तयार होते. एक पश्चिमेला गोव्यात उतरते, दुसरी पूर्वेला कोरड्या मुलखाकडे जाते.

हे रान कधीच माणसाविना नव्हतं. इथले कुणबी कुमरी करायचे. डोंगराच्या उतारावरची झुडपं तोडून जाळायची, राखेत एक-दोन वर्षं नाचणी घ्यायची आणि मग तो तुकडा दहा-बारा वर्षं सोडून द्यायचा. माणसं थोडी आणि रान मोठं होतं तोवर झाडोरा पुन्हा उभा राहायचा. गावागावांत देवाच्या नावाने राखलेल्या राया होत्या, तिथली काटकीसुद्धा कुणी आणत नसे. १८४७ मध्ये मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन हे पहिले वनसंरक्षक नेमले गेले. सरकारची नजर तेव्हा जहाजबांधणीच्या सागवानावर होती. लाकूड संपत चालल्याचं खापर कुमरीवर फुटलं, तिच्यावर बंधनं आली आणि १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलं आखली गेली. गावकऱ्याच्या कोयतीवर एवढं बोट ठेवणाऱ्या सरकारने पुढच्याच दशकात लोंढा आणि कॅसलरॉकमार्गे मार्मागोव्याला जाणारी रेल्वे नेली. स्लीपरना लाकूड लागलं, घाट फोडावा लागला आणि लोंढा ही लाकडाची पेठ झाली. वन खातं नसतं तर उरलंय तेवढंही रान उरलं नसतं, हे मला मान्य आहे. पण रानाकडे लाकडाचं कोठार म्हणून बघायची सवय तेव्हा लागली आणि स्वातंत्र्यानंतरही ती सुटली नाही. १९५० च्या दशकात दांडेलीला कागद कारखाना आला, बांबूची बेटं तिकडे गेली. १९७० च्या सुमारास बेळगावात ॲल्युमिनिअमचा कारखाना उभा राहिला आणि चंदगडकडच्या सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी लागल्या. सडा म्हणजे ओसाड कातळ असा समज होता. पावसाळ्यात त्याच कातळावर सीतेची आसवं निळीजांभळी फुलतात, याची नोंद कुणी घेतली नाही.

या रानात काय आहे याची गणती अजून संपलेली नाही. भीमगडजवळच्या बारापेडे गुहांतल्या एका वटवाघळाचं वर्णन ओल्डफिल्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये केलं आणि वन खात्यातले अधिकारी रॉटन यांचं नाव त्याला दिलं. कित्येक दशकं साऱ्या जगात त्याचा एवढाच ठावठिकाणा माहीत होता. पुढे ते मेघालयात आणि कंबोडियातही आढळलं. चोर्ल्याच्या ओल्या मातीतून मिळालेल्या एका देवगांडुळाची नवी जात म्हणून नोंद व्हायला तर २००७ साल उजाडलं. देवगांडूळ दिसतं गांडुळासारखं, पण ते बेडकाच्या गोतातलं. पश्चिम घाटातल्या बेडूकवर्गीयांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक जाती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. इथला ओढा आटला तर त्यांना जायला जागा नाही.

धनेशाचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. उन्हाळा लागायच्या आधी मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठेने, मातीने तोंड लिंपून घेते. चोच आत येईल एवढी फट उरते. पुढचे तीन-चार महिने नर उंबर, रानजायफळ अशी फळं आणून भरवतो आणि त्यांच्या बिया दूरवर टाकत जातो. ढोलीसाठी शंभर वर्षांचं झाड लागतं. तसं झाड तोडून बदल्यात दहा रोपं लावली तरी धनेशाला पुढची शंभर वर्षं घर मिळत नाही.

डिसेंबर २०११ मध्ये भीमगडचं सुमारे १९० चौरस किलोमीटर रान अभयारण्य झालं. पश्चिमेला गोव्याचं म्हादई अभयारण्य, दक्षिणेला काळी नदीच्या खोऱ्यातला व्याघ्र प्रकल्प, उत्तरेला चंदगड-तिळारी. भीमगड हा यांना जोडणारा सांधा आहे. २००२ मध्ये दांडेलीकडचे हत्ती या सांध्यातूनच सिंधुदुर्गात पोचले. हा सांधा आता ठिकठिकाणी उसवतोय. खानापूर-अनमोड महामार्गाच्या रुंदीकरणात दुतर्फाची जुनी झाडं गेली. चोर्ला-जांबोटीच्या बाजूला रिसॉर्टसाठी जमिनी विकल्या जातात. डोक्यावरची फांद्यांची सलग छत्री तुटली की शेकरूला पलीकडे जाता येत नाही, ऊन जमिनीपर्यंत पोचतं, पाचोळा वाळतो, वणवा आत शिरतो आणि मोकळ्या जागेत रानमोडीचं तण माजतं. कॅसलरॉक ते कुळे रेल्वेच्या दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, म्हणून निदान तो एक घाव टळला.

अभयारण्यातल्या माणसांचं दुःख मात्र यात झाकलं जाऊ नये. आमगावसारख्या गावांत पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून चिखल तुडवत आणावं लागतं. रस्ता मागितला की जंगलाचा कायदा दाखवतात. तळेवाडीतली कुटुंबं भरपाई घेऊन बाहेर पडायला तयार झाली, ती या कंटाळ्याने. याच रानाजवळ रिसॉर्टला वाट सापडते आणि डोलीतल्या बाईला सापडत नाही, हे मला पटत नाही.

आता पाण्याकडे. पूर्वेच्या कोरड्या मुलखातल्या नरगुंद, नवलगुंदच्या शेतकऱ्यांची तहान खरी आहे, ती कुणी खोटी ठरवू नये. म्हादईच्या कळसा आणि भांडुरा या नाल्यांचं पाणी मलप्रभेत वळवायची योजना त्यांच्यासाठी पुढे आली. कणकुंबीत कामाला २००६ मध्ये सुरुवात झाली. गोव्याशी तंटा झाल्याने २०१० मध्ये लवाद नेमला गेला आणि १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मिळालं. त्यातलं ३.९ टीएमसी मलप्रभेत वळवण्यासाठी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने सुधारित आराखडा मान्य केला, पण वन आणि वन्यजीव मंजुऱ्यांपाशी गाडं अडलं. या भांडणात टीएमसीचा हिशेब दोन्ही राज्यांनी मांडला. ते पाणी उन्हाळ्यापर्यंत धरून ठेवणाऱ्या पाचोळ्याचा हिशेब कुणाच्या कागदावर मला दिसला नाही.

काही वर्षांपूर्वी मार्चमध्ये कणकुंबीला खोदलेल्या कालव्याच्या कडेला मी उभा होतो. उभ्या कापलेल्या भिंतीत लाल जांभा खोलवर उतरलेला स्पष्ट दिसत होता. अगदी वर, काठाला लागून, चार बोटांची काळी रेघ होती. तिच्यातून तुटलेली मुळं बाहेर लोंबत होती आणि एकदोन ठिकाणी त्यांच्या टोकाशी अजून पाणी झिरपत होतं.