दहा डॉलर आणि पाच डॉलर : भूमिगत रेल्वेमागचा कायदा

अमेरिकेतल्या भूमिगत रेल्वेची, म्हणजे पळून आलेल्या गुलामांना लपवत पुढे पोचवणाऱ्या गुप्त वाटांची आणि मदतनिसांची, गोष्ट बहुतेक ठिकाणी कंदील, तळघरं आणि गुलामी व मुक्त राज्यांच्या सीमेवरच्या ओहायो नदीच्या काठापासून सुरू होते. ती १८ सप्टेंबर १८५० पासून सांगायला हवी. त्या दिवशी राष्ट्राध्यक्षांची सही झालेल्या कायद्याने, दार उघडून भाकरी देणाऱ्या माणसालाही गुन्हेगार ठरवलं.

पळून गेलेल्या गुलामाला परत करण्याची तरतूद मूळ राज्यघटनेतच होती, आणि तीही 'गुलाम' हा शब्द कुठेही न येऊ देता लिहिलेली. १७९३ साली तिच्यावरून पहिला कायदा झाला. पुढे १८४२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने मालकांचा हक्क उचलून धरला, पण राज्यांच्या अधिकाऱ्यांवर या कामाची सक्ती करता येणार नाही असंही सुचवलं. गुलामगिरी नसलेल्या उत्तरेकडच्या काही राज्यांनी ही फट बरोबर हेरली आणि आपले तुरुंग, आपले न्यायाधीश या कामाला द्यायचं बंद केलं. गुलामी राज्यांच्या दक्षिणेला ही फट बुजवायची होती.

१८५० च्या कायद्यात निकाल द्यायचा तो केंद्राच्या कमिशनरने. ज्यूरी नाही. ज्याच्या आयुष्याचा फैसला व्हायचा, त्याची साक्षच घ्यायची नाही. आसरा देणाऱ्याला १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही पकडापकडीत सामील व्हायचा हुकूम देता येई. आणि सगळ्यात जास्त भांडण झालं ते कमिशनरच्या फीवरून. माणूस मालकाच्या हवाली केला तर दहा डॉलर, सोडून दिला तर पाच.

समर्थकांचं म्हणणं असं की हवाली करताना दाखले, नकला अशी लिखापढी जास्त असते, म्हणून फी जास्त. इतिहासाची काही पुस्तकं आजही हे कारण तटस्थपणे नोंदवून पुढे जातात. मला ते कधीच पटलेलं नाही. लिखापढीचे पैसे वेगळे लावता आले असते. निकालालाच भाव का लावला? त्यातून समोरच्याला बोलूच द्यायचं नाही म्हटल्यावर, जन्मापासून स्वतंत्र असलेल्या कृष्णवर्णीय माणसाने 'तो मी नव्हेच' हे सांगायचं तरी कुठे? त्या पाच डॉलरच्या फरकाने उत्तरेतल्या कितीतरी तटस्थ घरांना बाजू घ्यायला लावली.

सरकारी गणती पाहिली तर १८६० च्या जनगणनेत वर्षभरात पळालेल्यांचा आकडा ८०३ आहे, तोही जवळजवळ चाळीस लाख गुलामांमधून. हा आकडा कमीच धरलेला आहे, पण दुप्पट-चौपट केला तरी तो लहानच राहतो. मग एवढा कडक कायदा कशाला? मालक सांगत की आमची माणसं सुखात आहेत. पळून गेलेला एकेक माणूस ते खोटं पाडत होता.

कायद्यानंतर वाट लांबली. फिलाडेल्फिया, बॉस्टन ही मुक्कामाची शहरं होती, ती आता नुसती थांब्याची झाली आणि शेवटचं ठाणं कॅनडात सरकलं. मेरीलँडमधून १८४९ मध्ये स्वतः निसटलेली एक स्त्री पुढे सुमारे तेरा वेळा तिथे परत गेली आणि सत्तरेक जणांना घेऊन आली, त्यातल्या अनेकांना थेट कॅनडातल्या सेंट कॅथरिन्सपर्यंत. ती थंडीच्या लांब रात्री निवडायची. निघायचं शनिवारी, कारण सोमवारच्या आधी पकडण्याची जाहिरात छापून येत नसे.

बॉस्टनमध्ये २ जून १८५४ रोजी व्हर्जिनियातून पळून आलेल्या एका वीस वर्षांच्या तरुणाला सैनिकांच्या पहाऱ्यात बंदरावर नेलं. रस्त्यांवर अंदाजे पन्नास हजार लोक उभे होते, दुकानांवर काळं कापड होतं आणि एका ठिकाणी वर टांगलेल्या शवपेटीवर 'स्वातंत्र्य' असं लिहिलेलं होतं. पुढे वर्षभरातच वर्गणी काढून त्याला १,३०० डॉलरला सोडवलं. तो धर्मोपदेशक झाला आणि १८६२ मध्ये कॅनडात वारला.

शब्दांचाही घोळ आहे. मराठीत सर्रास 'फरारी गुलाम' लिहिलं जातं. 'फरारी' म्हटलं की आपल्याला आरोपी आठवतो, म्हणजे नकळत मालकाचीच बाजू आपण लिहितो. 'रेल्वे' या शब्दानेही फसगत होते. १८९८ च्या एका मोठ्या इतिहासात मदतनिसांची तीन हजारांवर नावं आली, बहुतेक गोऱ्यांची, आणि जणू वेळापत्रकाने चालणारी यंत्रणा उभी राहिली. १९६१ मध्ये एका अभ्यासकाने ते चित्र मोडलं. बहुतेकांनी सर्वांत धोक्याची वाट, गुलामी राज्यांतली, एकट्यानेच काटली होती. मदत भेटली ती पुढे, आणि तीही बऱ्याचदा कृष्णवर्णीय शेजाऱ्यांची. गोधड्यांच्या नक्षीत वाट लपवलेली असायची, ही लाडकी कथा तर १९९९ नंतर पसरली. त्या काळच्या कागदांत तिला आधार नाही.

कागद आहेत ते वेगळेच. ऑगस्ट १८५० मध्ये, म्हणजे कायद्याच्या महिनाभर आधी, फिलाडेल्फियातल्या एका गुलामगिरीविरोधी कचेरीत पन्नाशीचा एक माणूस आला. अलाबामात पै-पै साठवून त्याने स्वतःला सोडवून घेतलं होतं आणि आता लहानपणी तुटलेले आईबाप शोधत होता. त्यांची नावं ऐकून समोरचा कृष्णवर्णीय कारकून थबकला. ते त्याचेही आईबाप होते. समोर सख्खा भाऊ बसला होता.

त्यानंतर हा कारकून येणाऱ्या प्रत्येकाची कसून नोंद ठेवू लागला : जुनं नाव, नवं घेतलेलं नाव, वय, मालक कोण, मागे कोण राहिलं. या वह्या सापडल्या असत्या तर शेकडो जण पकडले गेले असते, म्हणून त्या काही काळ एका दफनभूमीच्या इमारतीत दडवून ठेवल्या. १८५० चा कायदा जून १८६४ मध्ये रद्द झाला. वह्या १८७२ मध्ये पुस्तकरूपाने छापल्या गेल्या, 'मागे कोण राहिलं' त्या नावांसकट.