डाळिंब, पालक आणि केसाहून बारीक रक्तवाहिन्या

आपल्या सोलापुरात डाळिंबाचं काय कौतुक सांगायचं, सांगोला पंढरपूर मंगळवेढा सगळीकडं बागा, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, 2016 ला सोलापूर डाळिंबाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण मिळालं. पण घरात कुणाला शुगर निघाली की हार्टचीच चर्चा होते, बारीक रक्तवाहिन्यांकडं कुणी बघत नाही, आणि शुगर डोळ्याच्या पडद्याला, किडनीला धक्का देते ती आधी या बारीक वाहिन्यांतूनच. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

सगळ्यात बारीक वाहिनी म्हणजे केशवाहिनी, रुंदी 5 ते 10 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), लाल पेशी स्वतःच 7-8 मायक्रॉनची, त्यामुळं ती बऱ्याचदा अंग दुमडूनच पुढं सरकते. वाहिन्यांना आतून पेशींचा एकच पातळ थर असतो. तो नायट्रिक ऑक्साइड वायू बनवतो, त्यानं केशवाहिन्यांच्या अलीकडच्या छोट्या धमन्या सैल होतात आणि रक्त पुढं जातं. या शोधाला 1998 चं नोबेल आहे.

आता डाळिंबाचा या वाहिन्यांशी काय संबंध ते बघू. दाण्यांचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, सालीत आणि पांढऱ्या पापुद्र्यात प्युनिकॅलाजिन नावाचं तुरट द्रव्य. ही द्रव्यं जशीच्या तशी रक्तात फार कमी जातात, प्युनिकॅलाजिनपासून तर आतड्यातले बॅक्टेरिया युरोलिथिन नावाचं छोटं द्रव्य बनवतात तेव्हा कुठं ते शोषलं जातं, आणि ते बॅक्टेरिया सगळ्यांच्या पोटात नसतात, म्हणून एकाला फरक पडला तर दुसऱ्याला पडेलच असं नाही. वनस्पतींतल्या अशा द्रव्यांनी केशवाहिन्यांची गळती कमी होते असं हंगेरीचे शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांनी 1936 ला मांडलं, त्यांना व्हिटॅमिन पी म्हटलं, पुढं ते व्हिटॅमिन नाही हे ठरलं तरी अभ्यास थांबला नाही. शेंगदाण्याच्या लाल सालीतही याच जातीची द्रव्यं असतात, चटणी करताना ती पाखडून टाकू नका.

पालक, राजगिऱ्याची भाजी, बीट यांचं काम वेगळ्या वाटेनं चालतं. त्यातल्या नायट्रेटचं जिभेवरचे बॅक्टेरिया नायट्राइट करतात आणि त्यातून शरीराला नायट्रिक ऑक्साइड मिळतं, जंतुनाशक माउथवॉशनं रोज चुळा भरल्या तर हे बॅक्टेरियाच कमी होतात.

शुगरवाल्यांनी डाळिंबाचा ज्यूस नको, दाणे चावून खावेत, तेही डॉक्टरांना विचारून मोजकेच, कारण ज्यूस करताना चोथा निघून जातो आणि साखर तेवढी राहते. गोळ्या मात्र चालूच ठेवायच्या आणि वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यायचा.