बॉक्सच्या मागची दुसरी वायर

रेकॉर्डिंगची सोय असलेला सेट-टॉप बॉक्स आणला की त्याच्या पाठीमागे एक फरक लगेच दिसतो. जुन्या बॉक्सला छत्रीकडून येणारी वायर जोडायला आट्यांचं एकच सॉकेट होतं. इथे तशी दोन असतात, शेजारीशेजारी, हुबेहूब सारखी. भिंतीतून बाहेर आलेली वायर मात्र एकच. आमच्याकडे बॉक्स बसवायला आलेल्या गृहस्थांनी ती पहिल्या सॉकेटवर फिरवून घट्ट केली, चित्र आलं. दुसऱ्या सॉकेटचं काय, असं विचारल्यावर "ते नाही लागत" म्हणून त्यांनी पिशवी उचलली.

पुढचे आठ-दहा दिवस बॉक्स चक्रमासारखा वागला. एक वाहिनी रेकॉर्डिंगला लावली की बाकीच्यांपैकी काही छान दिसायच्या आणि काहींवर नुसतं 'सिग्नल नाही'. त्यात काही सुसूत्रताही कळेना. एक क्रमांक दिसतोय, शेजारचा नाही, त्याच्या पुढचा पुन्हा दिसतोय. शेवटी वायर काढली आणि मल्टिमीटरची एक टोकणी सॉकेटच्या मधल्या छिद्राला, दुसरी बाहेरच्या कड्याला लावली. (दोन्ही एकमेकांना टेकू द्यायच्या नाहीत, एवढं पथ्य.) मीटरवर १३ व्होल्ट. रिमोटने वाहिनी बदलली: १८. आणखी एक बदलली: पुन्हा १३. म्हणजे बॉक्स त्या वायरीतून वरून येणारं नुसतं ऐकत नव्हता, वर काहीतरी सांगतही होता. काय सांगत होता ते समजलं की दुसऱ्या सॉकेटचं कोडं सुटतं.

त्यासाठी छत्रीपाशी जायला हवं. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतात. त्या उंचीवर पृथ्वीभोवतीची एक फेरी पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीइतकाच वेळ घेते, म्हणून उपग्रह आपल्याला आकाशात एकाच जागी खिळल्यासारखा वाटतो आणि छत्रीला मान वळवावी लागत नाही. विज्ञानकथालेखक आर्थर क्लार्क यांनी अशा उपग्रहांचा प्रस्ताव १९४५ मध्ये मांडला होता. १९६४ मध्ये सिन्कॉम-३ त्या कक्षेत जाऊन बसला आणि त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकची चित्रं त्याच्यामार्फत महासागर ओलांडून गेली. आजच्या उपग्रहावरचा एक ट्रान्सपॉन्डर, म्हणजे एका पट्ट्यात सिग्नल खाली पाठवणारा प्रक्षेपक, साधारण १०० वॅटच्या आसपास ताकदीचा असतो. जुन्या पिवळ्या बल्बएवढी ही ताकद अख्ख्या देशावर पसरायची म्हटल्यावर ६० सेंटिमीटरच्या छत्रीच्या वाट्याला काय येणार? वॅटचा एक लाख कोटीवा भाग, फार तर त्याच्या दोन-चारपट.

छत्री हा कणकण गोळा करून दांड्याच्या टोकाशी बसवलेल्या डबीत टाकते. त्या डबीला एलएनबी म्हणतात, आणि या गोष्टीतली खरी करामती तीच आहे. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झच्या असतात. एवढ्या चढ्या वारंवारतेचा सिग्नल साध्या वायरीत सोडला तर चार पावलांत विरून जाईल. म्हणून एलएनबी आधी तो वाढवते आणि मग त्यातून एक ठरावीक आकडा वजा करते. युनिव्हर्सल एलएनबीत हा आकडा ९.७५ गिगाहर्ट्झ असतो. ११.५ मधून ९.७५ गेले, उरले १.७५. हे वायरीला झेपतं. बॉक्सला ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ एवढीच खिडकी ऐकू येते.

आता हिशेब करून बघा. खिडकीची रुंदी १२०० मेगाहर्ट्झ, आणि वरून येणारा पट्टा २०५० मेगाहर्ट्झचा. मावणार कसा? म्हणून त्याचे दोन तुकडे केले: ११.७ च्या खालचा आणि वरचा. वरच्या तुकड्यासाठी ९.७५ ऐवजी १०.६ वजा करायचे. एवढ्यावर भागत नाही. जागा वाचवण्यासाठी उपग्रह एकाच वारंवारतेवर दोन वेगळे सिग्नल पाठवतो, एकाच्या लहरी उभ्या डोलणाऱ्या, दुसऱ्याच्या आडव्या. दोन तुकडे, दोन दिशा: एकूण चार पाव. वायरीतून एका वेळी उतरतो त्यातला एकच पाव.

कोणता, हे बॉक्स ठरवतो. एलएनबीला वीज त्याच वायरीतून जाते. १३ व्होल्ट दिले तर उभ्या लहरी, १८ दिले तर आडव्या. त्या विजेवर २२ किलोहर्ट्झचा बारीक सूर चढवला की वरचा तुकडा, सूर बंद की खालचा. माझ्या मीटरवर दिसत होती ती ही खूणभाषा. सगळ्या देशांत हेच आकडे असतात असं नाही, काही ठिकाणी उभ्या-आडव्याऐवजी उजव्या-डाव्या फिरणाऱ्या लहरी वापरतात, पण व्होल्टने निवड करायची युक्ती तीच.

आमच्या बॉक्सचं चक्रमपण इथे संपलं. रेकॉर्डिंगला लावलेली वाहिनी आडव्या-वरच्या पावात असेल, तर ते संपेपर्यंत वायरीत तोच पाव उतरत राहणार. त्या पावातल्या बाकीच्या वाहिन्या बघा हव्या तेवढ्या. उरलेल्या तीन पावांतल्या वाहिन्या वायरीत उतरतच नाहीत, तर दिसतील कुठून? आणि रिमोटवरचे क्रमांक कंपनीने आपल्या सोयीने लावलेले असतात, त्यांचा पावांशी काही संबंध नसतो. म्हणून सुसूत्रता दिसत नव्हती.

अशा वेळी अनेकांना सुचणारा उपाय म्हणजे एका वायरीला टी (एका वायरीच्या दोन करणारा जोड) लावून दोन्ही सॉकेटांत घालणं. हे करू नये. दोन्ही सॉकेटांमागे एकेक ट्यूनर असतो, म्हणजे वायरीतून हवा तो सिग्नल निवडणारा भाग. एक ट्यूनर १३ मागणार, दुसरा १८. एलएनबी एकच, तिच्यापर्यंत जास्त व्होल्ट पोचले की १३ वाल्याचं कोणी ऐकत नाही. खरे उपाय दोन. एक म्हणजे दोन तोंडांची एलएनबी लावून तिथून दुसरी स्वतंत्र वायर खाली आणायची. दुसरा उपाय भिंत फोडायची नसेल त्यांच्यासाठी: एका वायरीवर अनेक ट्यूनर चालवणारी एलएनबी. तिची पद्धत २००७ मध्ये युरोपात प्रमाणित झाली. तिच्यात प्रत्येक ट्यूनरला वायरीतला एक छोटा पट्टा कायमचा नेमून देतात. ट्यूनरने मागितलेला ट्रान्सपॉन्डर एलएनबी वरच उचलते आणि त्या ट्यूनरच्या पट्ट्यात आणून ठेवते. मूळ प्रमाणात असे ८ पट्टे होते, नंतरच्यात ३२. यात घोटाळा एकाच जागी होतो. बॉक्सच्या मेनूत दोन ट्यूनरना चुकून एकच पट्टा दिला, की दोघं एकमेकांच्या अंगावर पडतात.

हे सगळं ऐकल्यावर वाटेल की रेकॉर्डिंगचं काम फार जड असावं. ते मात्र आश्चर्य वाटावं इतकं हलकं आहे. १९९९ मध्ये टिव्होसारखे पहिले घरगुती डिस्क-रेकॉर्डर आले तेव्हा त्यांच्यात येणारं चित्र अनालॉग असे. त्याचे आकडे करून, दाबून, मग डिस्कवर टाकावे लागत आणि त्यात चित्राचा दर्जा थोडा घसरे. उपग्रहावरून येणारं चित्र मुळातच आकड्यांचं असतं. ते १८८ बाइटच्या पुडक्यांत येतं. प्रत्येक पुडक्याचा पहिला बाइट ठरलेला, ७१; पुढे एक क्रमांक, हे पुडकं कोणत्या वाहिनीच्या चित्राचं की आवाजाचं ते सांगणारा. एका ट्रान्सपॉन्डरमधून सेकंदाला साधारण ३८ दशलक्ष बिट येऊ शकतात आणि त्यात अनेक वाहिन्यांची पुडकी एकमेकांत मिसळलेली असतात. रेकॉर्डर टपाल कचेरीतल्या सॉर्टरसारखा हव्या त्या क्रमांकाची पुडकी वेगळी काढून डिस्कवर ओळीने ठेवतो. बस. चित्र तयार करायचं काम तुम्ही बघायला बसाल तेव्हा. म्हणून रेकॉर्डिंग आणि थेट प्रक्षेपण यांत दर्जाचा तसूभरही फरक नसतो.

एचडी वाहिनी सेकंदाला ८ दशलक्ष बिट घेते असं धरू, म्हणजे १ मेगाबाइट. तासाला ३.६ गिगाबाइट. १ टेराबाइटच्या डिस्कवर असे २७५ तास सहज बसतात. आणि साधी हार्डडिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट लिहू शकते! डिस्क रिकामटेकडी बसून असते. तंगी असते ती वायरीची. बॉक्स घेताना लोक डिस्क केवढी आहे ते विचारतात. ट्यूनर किती आणि ते वायरीशी कसे जोडायचे, हे आधी विचारावं असं माझं मत आहे.

चालू कार्यक्रम थांबवून पुन्हा सुरू करता येतो त्यातही जादू नाही. तुम्ही काही सांगितलं नाही तरी बॉक्स समोरची वाहिनी सतत डिस्कवर उतरवत असतो. त्यासाठी राखलेली जागा भरली की सर्वांत जुन्या मिनिटावर नवं मिनिट लिहितो. रहाटगाडगंच ते. बऱ्याच बॉक्समध्ये वाहिनी बदलली की ही साठवण पुसली जाते, म्हणून दोन मिनिटं दुसरीकडे डोकावून आल्यावर मागे जाता येत नाही. डिस्कला अशी विश्रांतीच नसल्यामुळे बॉक्स बंद कपाटात कोंबू नये. आणि बटणावरची वीज रात्री बंद करायची सवय असेल तर पहाटेच्या रेकॉर्डिंगची आशा सोडावी.

छत्री लावताना बॉक्सच्या पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, ताकद आणि दर्जा. बहुतेकांचं लक्ष पहिलीकडे जातं. ताकदीची पट्टी एलएनबीतून येणारी सगळी ऊर्जा मोजते, त्यात खरखरही आली. छत्री मोकळ्या आकाशाकडे असली तरी ती बऱ्यापैकी भरलेली दिसू शकते. बघायचा तो दर्जा. ६० सेंटिमीटरच्या छत्रीची नजर जेमतेम तीन अंशांची असते, त्यामुळे पट्टी सर्वांत वर जाते ती जागा सापडायला बोल्ट अगदी केसभर सरकवावे लागतात. मग एलएनबीही तिच्या पकडीत हळूच फिरवून बघायची, कारण उपग्रहाची 'उभी' दिशा आणि तुमच्या गच्चीवरची उभी दिशा सहसा जुळत नाहीत. ती चुकली की आडवा सिग्नल उभ्यात झिरपतो.

"चित्र दिसतंय ना, मग झालं" हे रेकॉर्डरला लागू पडत नाही. डिजिटल सिग्नल हळूहळू बिघडत नाही, कड्यावरून पडावा तसा पडतो. उपग्रहावरून डिजिटल टीव्ही पाठवण्याच्या जुन्या डीव्हीबी-एस पद्धतीत १८८ बाइटच्या प्रत्येक पुडक्याला १६ बाइट जादा जोडतात आणि त्यांच्या जोरावर ८ पर्यंत चुकलेले बाइट दुरुस्त करता येतात. नव्या डीव्हीबी-एस२ मधली दुरुस्ती आणखी तगडी आहे. तिच्यातली एलडीपीसी नावाची संकेतपद्धत रॉबर्ट गॅलगर यांनी १९६० च्या सुमारास शोधली होती, पण ती चालवायला लागणारी गणनशक्ती तेव्हा कोणाकडेच नव्हती, म्हणून ती तीसहून अधिक वर्षं अडगळीत पडली होती. दुरुस्तीची मर्यादा ओलांडेपर्यंत चित्र निर्दोष; ओलांडली की चौकोन, आणि मग काळोख. या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे जोराच्या सरींतले थेंब त्या शोषतात आणि विखुरतात. थेट बघताना गेलेली पाच सेकंदं आपण विसरतो. रेकॉर्डिंगमध्ये ती कायमची कोरली जातात. म्हणून कोरड्या दिवशी छत्री जेमतेम नाही, भरपूर शिल्लक राखून लावायची.

मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला आणखी एक गंमत होते. त्या काही दिवसांत सूर्य रोज काही मिनिटं उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि स्वतःच्या रेडिओ खरखरीने छत्रीला बधिर करतो. रोज साधारण त्याच वेळेच्या रेकॉर्डिंगमध्ये चौकोन दिसले तर आधी कॅलेंडर बघा, शिडी नंतर काढा.

वेळापत्रकही त्याच पुडक्यांतून येतं, घड्याळसुद्धा. वेळापत्रकावर फार विसंबू नये. सामना लांबला की प्रसारकाने नोंद बदलेपर्यंत बॉक्स जुन्या वेळेलाच थांबतो, नेमका निर्णायक क्षणी. म्हणून सेटिंगमध्ये आधी दोन-तीन आणि नंतर दहा-पंधरा मिनिटं जादा घेण्याची सोय असते. ती जरूर वापरावी, पण तिची किंमत ओळखून: नऊला संपणारा एक आणि नऊला दुसऱ्या वाहिनीवर सुरू होणारा दुसरा, हे दोन कार्यक्रम आता एकमेकांत घुसतात. त्या पंधरा मिनिटांना दोन्ही ट्यूनर लागतात.

रेकॉर्डिंग बॉक्सबाहेर काढायचा बेत असेल तर तो सोडून द्या. सशुल्क वाहिन्या कुलूपबंद येतात आणि बहुतेक कंपन्यांचे बॉक्स डिस्कवर लिहिताना स्वतःचं कुलूप घालतात. तीच डिस्क दुसऱ्या बॉक्सला लावली तर तो ती फक्त पुसायची परवानगी मागतो.

आमच्याकडे दुसरी वायर अखेर आली. या वेळी बसवायला आलेल्या माणसाला शिडी मिटू दिली नाही. बॉक्सच्या माहितीच्या पानावर ट्रान्सपॉन्डरचे आकडे शोधून एक उभी-खालची वाहिनी आणि एक आडवी-वरची, अशी दोन रेकॉर्डिंगं एकदम लावली. दोन्ही लाल ठिपके पेटले. मग तिसऱ्या पावातली वाहिनी लावून बघितली, आणि बॉक्सने या वेळी 'सिग्नल नाही' न म्हणता विचारलं, चालू असलेल्यांपैकी कोणतं रेकॉर्डिंग बंद करू?