डिटेक्टर घरी नेल्यावर: वापर, किनारा आणि सापडलेल्या वस्तू

(ग्राहकांसाठी माहितीपत्रक. मशीनसोबतच्या पुस्तिकेत बटणांची माहिती आहे. त्यात जे नाही ते इथे दिलं आहे.)

नवा मेटल डिटेक्टर (धातू शोधणारं मशीन) नेलेल्यांकडून दोन तक्रारी हमखास येतात. एक, मशीन सारखं वाजतं. दोन, मशीन वाजतच नाही. बहुतेक वेळा मशीन धडधाकट असतं. गडबड असते ती मिठाच्या पाण्यात, चढवून ठेवलेल्या सेन्सिटिव्हिटीत किंवा हात फिरवण्याच्या पद्धतीत. म्हणून आधी मशीन काय ऐकतं ते समजून घ्या.

मशीनला सोनं कळत नाही

कॉईलमधून, म्हणजे दांड्याच्या खालच्या टोकाच्या तबकडीतून, चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. त्यामुळे धातूत भोवऱ्यासारखे बारीक विद्युतप्रवाह तयार होतात आणि त्यांचं स्वतःचं क्षेत्र कॉईलला परत जाणवतं. ते किती जोरात आणि किती उशिराने आलं यावरून मशीन आकडा दाखवतं. त्या आकड्यात धातूची वाहकता, वस्तूचा आकार, जाडी, सगळं एकत्र मिसळलेलं असतं. चांदी आणि तांब्याची जाड नाणी वर लागतात, फॉईलचा तुकडा अगदी खाली लागतो. सोन्याची अंगठी या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात येते आणि शीतपेयाच्या कॅनची ॲल्युमिनियमची कडीही नेमकी तिथेच येते.

यातून सुटका नाही. डिस्क्रिमिनेशन (नको ते धातू गाळण्याची सोय) वाढवून कड्या बंद केल्या की त्यांच्यासोबत अंगठ्याही बंद झाल्या. किनाऱ्यावर फक्त लोखंड गाळा, बाकी सगळं खणा. कड्यांनी पिशवी भरली तर वैतागू नका. त्या लागतायत म्हणजे अंगठी ऐकू येणाऱ्या पट्ट्यात तुम्ही काम करताय.

वारंवारता म्हणजे कॉईलचं क्षेत्र सेकंदाला किती वेळा उलटसुलट होतं ते. तिचा हिशोब असा. ५ ते ८ किलोहर्ट्झला मोठी आणि चांगली वाहक वस्तू, म्हणजे चांदी-तांबं, खोलवर लागते. ३० किलोहर्ट्झच्या वर बारीक, पातळ सोनं लागतं. १५च्या आसपास दोन्ही बऱ्यापैकी जमतं. एकाच वारंवारतेचं मशीन ओल्या खाऱ्या वाळूत बेजार करतं, कारण खारं पाणी स्वतः वाहक असतं आणि मशीन त्यालाच धातू समजतं. मल्टी-फ्रिक्वेन्सी मशीन वेगवेगळ्या वारंवारतांची तुलना करून मीठ वेगळं काढतं. पल्स इंडक्शन मशीन मिठाला आणि काळ्या वाळूला फारसं जुमानत नाही, खोलही जातं, पण लोखंड कोणतं आणि सोनं कोणतं हे धड सांगत नाही. खिळे-पिना खणायची तयारी असेल तरच ते घ्या.

सोन्याची बारीक साखळी मात्र भल्याभल्या मशीनला चकवते. मशीनच्या दृष्टीने ती एक लांब वस्तू नसून कड्यांची रांग असते आणि एकेक कडी चिमुकली. शिवाय तिचा सिग्नल मिठाच्या सिग्नलला इतका लागून असतो की मीठ गाळताना तोही गळतो. साखळी सापडते ती बहुधा तिच्या पदकामुळे किंवा फाशामुळे.

घरी करायची तयारी

घराच्या फरशीवर मशीन तपासू नका. खाली स्लॅबच्या सळ्या असतात, भिंतीत वायरिंग असतं. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपलं यंत्र घेऊन गेले होते आणि ते फसलं. पलंगाच्या स्टीलच्या स्प्रिंगांनी घोळ घातला, असं त्याचं एक कारण दिलं जातं. तेव्हा मोकळ्या मातीत जा. मोबाईल आणि स्मार्टवॉच कॉईलपासून किमान एक मीटर दूर ठेवा. बुटात स्टीलची टोपी असेल तर प्रत्येक पावलाला बीप येणार, हे गृहीत धरा.

दांड्याची लांबी अशी लावा की ताठ उभं राहिल्यावर कॉईल जमिनीपासून २-३ सेंटीमीटरवर येईल. वाकावं लागलं तर तासाभरात कंबर बोलू लागते. केबल दांड्याभोवती घट्ट गुंडाळा, फक्त कॉईलजवळ ती वर-खाली वळेल इतकी सैल सोडा. लोंबणारी केबल हलली की खोटे सिग्नल येतात, आणि तिथे ताणलेली केबल मुळापासून तुटते.

मग एक अंगठी, एक नाणं, एक कॅनची कडी, एक बूच आणि एक गंजका खिळा घ्या. प्रत्येकाला दोरा बांधा (अंगठीला तर नक्कीच) आणि १०, १५, २० सेंटीमीटर खोल पुरून आवाज ऐका. चांगल्या जमिनीत नाण्याएवढी वस्तू साधारण कॉईलच्या व्यासाइतक्या खोलीवर लागते, म्हणजे ११ इंची कॉईलला २५ सेंटीमीटरच्या आसपास. लहान अंगठी त्याहून वरच.

ग्राउंड बॅलन्स आणि हात

ग्राउंड बॅलन्स म्हणजे जमिनीचा स्वतःचा सिग्नल मशीनला गाळायला लावणं. धातू नसलेली जागा शोधा. ग्राउंड बॅलन्सचं बटण दाबून कॉईल जमिनीपासून ५ ते २० सेंटीमीटरमध्ये सावकाश वर-खाली करा. आवाज दोन्हीकडे सारखा झाला की बटण सोडा. कोरड्या वाळूवरून ओलीवर उतरलात की हे पुन्हा करायचं, काळ्या वाळूचा पट्टा लागला तरी पुन्हा. काळी वाळू म्हणजे बरंचसं मॅग्नेटाइट, आणि मशीनला ते जवळजवळ लोखंडासारखंच भासतं.

कॉईल जमिनीला समांतर ठेवा. सर्वांत जास्त चूक होते ती टोकाला: हात झोपाळ्यासारखा वर जातो. ओल्या वाळूत कॉईलची उंची बदलली की मिठाचा सिग्नल बदलतो आणि मशीन ओरडतं. झोका मीटर-सव्वा मीटरचा पुरे. पुढचा झोका आधीच्या निम्म्या पट्ट्यावरून जायला हवा.

एकाच वारंवारतेचं मशीन असेल तर ओल्या वाळूत पाण्याच्या कडेला समांतर चालण्यापेक्षा पाण्याकडे तोंड करून वर-खाली चाला. समांतर चालताना कॉईल प्रत्येक झोक्यात कमी ओल्याकडून जास्त ओल्याकडे जाते. पाण्याकडे तोंड केलं की झोका सारख्या ओलीतून फिरतो आणि मशीन शांत राहतं.

तरीही वाजत राहिलं तर सेन्सिटिव्हिटी दोन-तीन पायऱ्या उतरवा. खोली थोडी कमी होईल, पण सतत कटकटणाऱ्या मशीनवर खोलातला सिग्नल ऐकूच येत नाही. आमच्या मते शांत मशीन आणि साठ टक्के सेन्सिटिव्हिटी हे नव्वद टक्क्यांच्या गोंगाटापेक्षा कधीही बरं.

किनारा वाचणं

इथे थोडं थांबा, कारण मशीन कितीही महागाचं असलं तरी जागा तुम्हालाच निवडायची आहे.

समुद्र वस्तू वजनाने वेगळ्या करतो. वाळूचा, म्हणजे क्वार्ट्झचा कण पाण्याच्या २.६५ पट जड असतो. ॲल्युमिनियम २.७ पट, म्हणजे वाळूच्याच जोडीचं. चांदी १०.५, शिसं ११.३ आणि शुद्ध सोनं १९.३ पट. लाट वाळू उचलते तेव्हा ॲल्युमिनियमही तिच्यासोबत हिंडतं. जड धातू मात्र खाली खाली बसत जातो आणि चिकणमाती, शिंपल्यांचा थर किंवा खडे लागले की तिथे थांबतो. म्हणून पिशवीत काय जमतंय ते बघत राहा. नुसते कॅनचे तुकडे आणि कड्या येत असतील तर तुम्ही नव्या, पोकळ वाळूवर आहात. गळाची शिशाची वजनं आणि काळवंडलेली नाणी येऊ लागली की पाऊल हळू करा, झोके आखडा आणि तो पट्टा सोडू नका. शिसं जिथे बसलं तिथे अंगठीही बसू शकते.

पाय घोट्यापर्यंत रुतणारी, फुगलेली मऊ वाळू ही नुकतीच येऊन पडलेली असते. तिच्याखाली काही असलं तरी ते कॉईलच्या आवाक्याबाहेर असतं. याउलट वादळानंतर किंवा जोराच्या वाऱ्यानंतर वाळू कापली जाऊन उभी पायरी तयार झालेली दिसली, तर पायरीच्या तळाशी शोधा. वरचा थर समुद्राने फुकटात काढून दिलेला असतो. पण अशी पायरी दोन-चार भरत्यांत बुजून जाऊ शकते, तेव्हा आठवड्याच्या सुट्टीची वाट बघू नका.

वेळ ओहोटीची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्तीत जास्त मागे हटतं. भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत तेवढा किनारा उघडा पडत नाही. ओहोटी पूर्ण होण्याच्या दोन तास आधी पोहोचा, उतरत्या पाण्यामागे खाली जा आणि पाणी फिरलं की वर या. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. पाण्यात उतरणार असाल तर एकट्याने नको आणि कानांत हेडफोन असताना समुद्राकडे पाठ तर मुळीच नको.

कोरड्या वाळूत, लोक बसतात त्या पट्ट्यात, चिल्लर, किल्ल्या आणि भरपूर कचरा मिळतो. अंगठ्या गुडघा ते कंबर पाण्याच्या पट्ट्यात जास्त: थंड पाण्याने बोट आक्रसतं, त्यात क्रीम लावलेलं असतं आणि लाटेत हात फेकला जातो.

खणताना

सिग्नल दोन दिशांनी काटकोनात तपासा. दोन्हीकडून आवाज जिथे सर्वांत ठळक, तो फुलीचा मध्य. एका बाजूने गोड आणि ९० अंश वळल्यावर तुटक किंवा गायब, तर बहुधा खिळा. गंजकं पत्र्याचं बूच मात्र चांगल्या नाण्याचा आव आणतं. कॉईलची कड त्यावरून नेली तर त्याचा आवाज बऱ्याचदा फाटतो.

वाळूत स्कूप (भोकं असलेलं गाळणीसारखं फावडं) सिग्नलच्या हातभर नव्हे पण वीतभर मागे रोवा आणि खालून उचला. थेट वर मारला तर अंगठीवर चरा पडतो. मग उपसलेली वाळू आणि खड्डा दोन्ही तपासा, कारण वस्तू अर्ध्या वेळा स्कूपमधून निसटलेली असते. स्कूपची भोकं ८ ते १० मिलिमीटरची ठीक. त्याहून मोठ्या भोकांतून कानातलं निघून जातं, त्याहून बारीक असली तर ओली वाळू गळत नाही. कोरड्या वाळूला प्लॅस्टिकचा स्कूप चालतो, पाण्यात लांब दांड्याचा स्टेनलेस स्टीलचाच लागतो. तो कॉईलजवळ आला की वाजणार, तेव्हा झोका घेताना दूर धरा.

हातमोजे घाला: काचा, गळ, सुया सगळं खाली असतं. कचरा परत वाळूत टाकू नका, पुढच्या खेपेला तोच खणाल. मातीत खणताना तीन बाजूंनी कापून झाकणासारखी ढेप उलटी करा आणि नंतर तशीच बसवून पायाने दाबा. खड्डा उघडा राहिला तर परवानगी देणारा माणूस पुन्हा दारात उभं करत नाही.

परवानगी आणि थांबायची वेळ

जमीन कुणाची, हे आधी विचारा. संरक्षित स्मारकं आणि उत्खननाच्या जागा पूर्ण वर्ज्य. नियम देशागणिक बदलतात. फ्रान्समध्ये १९८९च्या कायद्याने पुरातन वस्तूंच्या शोधासाठी डिटेक्टर वापरायला परवाना लागतो. इंग्लंड-वेल्समध्ये १९९६च्या कायद्यानुसार निधी, म्हणजे पुरलेला खजिना, ठरू शकेल अशी वस्तू सापडल्यास १४ दिवसांत कळवावी लागते. भारतात १८७८चा निखात निधी कायदा आजही आहे आणि त्यात कळवण्याची मर्यादा दहा रुपयांवरच्या ऐवजापासून सुरू होते.

एकाच खड्ड्यात जुन्या वस्तू एकामागून एक येऊ लागल्या तर हात थांबवा. १९९२ साली इंग्लंडमधल्या हॉक्सन गावात एरिक लॉज मित्राची हरवलेली हातोडी शोधत होते आणि त्यांना रोमन निधी लागला. सगळं न उपसता त्यांनी कळवलं. त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना सुमारे १५,००० नाणी आणि दागिने कसे भरून पुरले होते तेही जागेवर पाहता आलं. हातोडीही सापडली. ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

गंजलेली नळकांडी, पंख असलेली किंवा टोकदार जड वस्तू दिसली तर तिला हात लावू नका, स्कूपने ढोसू नका. जागेवर खूण करा, लांब व्हा आणि पोलिसांना फोन करा.

सापडलेलं घरी आल्यावर

अंगठीच्या आतला शिक्का भिंगाखाली बघा: सोन्यासाठी ५८५ म्हणजे १४ कॅरेट, ७५० म्हणजे १८, ९१६ म्हणजे २२; चांदीला ९२५. नाव किंवा तारीख कोरलेली असेल तर मालक शोधणं सोपं जातं. सोनं कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा. जुनं नाणं घासू नका, आंबट पदार्थात बुडवू तर नकाच. वरचा थर गेला की अक्षरंही जातात. समुद्रातली लोखंडी वस्तू सुकू देऊ नका: आत मुरलेलं मीठ हवेत गंज वाढवतं आणि ती पापुद्र्यांनी सुटते. जाणकाराला दाखवेपर्यंत गोड्या पाण्यात ठेवा.

मशीन धुणं आणि दुरुस्तीला आणण्याआधी

प्रत्येक खेपेनंतर गोड्या पाण्याने धुवा, नळाच्या जोरदार धारेने नको. कॉईलचं कव्हर काढा, आत अडकलेली ओली खारी वाळू हे खोट्या सिग्नलचं नेहमीचं कारण आहे. दांड्याचे जोड उघडून वाळू काढा, नाहीतर पुढच्या वेळी ते फिरणार नाहीत. चार्जिंगची पिन पूर्ण कोरडी झाल्याशिवाय चार्जर लावू नका, खाऱ्या ओलीत वीज गेली की ती हिरवी पडते. लिथियम बॅटरी महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर निम्मी भरून ठेवा आणि मशीन उन्हात उभ्या गाडीत सोडू नका.

"वॉटरप्रूफ" शब्द नीट वाचा. पुष्कळ मशीनची फक्त कॉईल पाण्यात चालते, वरचा डबा नाही. पूर्ण वॉटरप्रूफ असेल तरी पोर्टच्या रबरावर एक वाळूचा कण किंवा केस राहिला की पाणी आत जातं. ब्लूटूथचा सिग्नल पाण्याखाली पोहोचत नाही, म्हणून डोकं पाण्याखाली न्यायचं असेल तर वॉटरप्रूफ वायरचा हेडफोन लागेल.

मशीन बिघडलं असं वाटलं तर आणण्याआधी एवढं करून बघा: फॅक्टरी रीसेट, पूर्ण चार्ज, कव्हर काढलेली कॉईल, पिनपॉइंटर (नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर) बंद, वीजतारा आणि दुसरा डिटेक्टर यांपासून दूर मोकळी जागा. कॉईल हवेत स्थिर धरून केबल हाताने हलवा. त्याच क्षणी आवाज आला तर दोष केबलमध्ये किंवा जोडात आहे. मग मशीन कॉईल आणि केबलसकट आणा, आणि कोणत्या वाळूत, कोणत्या सेन्सिटिव्हिटीवर वाजत होतं ते चिठ्ठीवर लिहून सोबत द्या.