क्रूझ कंट्रोल

क्रूझ कंट्रोल : चालकाने ठरवलेला वेग अ‍ॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता कायम राखणारी मोटारीतील यंत्रणा. चालकांच्या बोलीत ‘क्रूझ लावणे’. तिला कळतो तो फक्त वेग. वळण, खड्डा, उतार यांची तिला गंधवार्ता नसते. हे सपाट मुलखात सहसा जाणवत नाही, मुंबई–गोवा महामार्गावर (राष्ट्रीय महामार्ग ६६) मात्र पहिल्याच घाटात जाणवते.

यंत्रणेचा जनक राल्फ टीटर (१८९०–१९८२) हा अमेरिकी अभियंता लहानपणीच अंध झालेला होता. बोलण्याच्या भरात त्याचा वकील गाडीचा वेग सारखा कमीजास्त करी, त्या हिसक्यांना कंटाळून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. १९५० मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि १९५८ पासून क्रायस्लरच्या गाड्यांत यंत्रणा बसू लागली. ‘क्रूझ कंट्रोल’ हे नाव कॅडिलॅकचे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर इंधन वाचवण्याच्या गरजेने तिचा प्रसार वाढला.

सुरुवातीच्या यंत्रणेत फिरत्या वजनांचा गव्हर्नर (वेगनियामक) आणि निर्वात दाबावर चालणारा दट्ट्या असे. आता चाकांवरचे सेन्सर वेग मोजतात आणि इंजिनाचा संगणक ठरवलेल्या व प्रत्यक्ष वेगातला फरक पाहून इंजिनाचा जोर कमीजास्त करतो. पेट्रोल गाडीत त्यासाठी थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी, झडप विजेच्या मोटरने हलते. नुसत्या फरकाच्या प्रमाणात जोर दिला, तर चढावर गाडी कायम थोडी मागेच राहते. खाडीच्या मुखाशी ओहोटीचा ओढा आडवा लागला की तांडेल होडी भरकटायची वाट पाहत बसत नाही, सुकाणू थोडे कलतेच धरून ठेवतो. संगणकही तसेच करतो : फरक किती वेळ साचत राहिला याची बेरीज ठेवतो आणि तेवढा जोर कायमचा वाढवतो. फरक किती झपाट्याने बदलतो आहे, हेही पाहिले तर वेग ठरलेल्या आकड्याच्या पुढे उसळत नाही.

चढाला लागणारा जोर थोडाथोडका नसतो. १,२०० किलोच्या गाडीला १०० मीटरमागे ५ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी ८० किमी राखायचे, तर निव्वळ चढापायी सुमारे १३ किलोवॅट जादा शक्ती हवी. ऑटोमॅटिक गाडी त्यासाठी स्वतःच खालचा गियर टाकते. हाताने गियर बदलण्याच्या गाडीत क्लच दाबला की क्रूझ सुटते, आणि सुटायलाच हवी. नाहीतर भार निघालेले इंजिन एकदम गरगरेल. ब्रेकला पाय लागला तरी तेच. ‘रिझ्यूम’ बटण जुना वेग पुन्हा आणते, पण मधल्या काळात रस्ता बदललेला असू शकतो.

उतारावर साधी यंत्रणा लंगडी पडते. तिच्या हाती जोर काढून घेणे एवढेच असते, बहुतेक गाड्यांत ब्रेक तिच्या ताब्यात नसतो. म्हणून याच महामार्गावरचा परशुराम किंवा भोस्ते घाट उतरताना वेग ठरवलेल्या आकड्यापलीकडे जाऊ शकतो. जुन्या चालकांचा नियम इथे अजून चालतो : ज्या गियरने घाट चढावा त्याच गियरने उतरावा.

पावसाळ्यात तर क्रूझ लावूच नये. साचलेल्या पाण्यात शिरलेली गाडी अडखळते, यंत्रणा ती तूट भरून काढायला जोर वाढवते, आणि नेमक्या त्याच वेळी टायर व रस्ता यांच्यात पाण्याचा पापुद्रा येऊन पकड सुटू शकते. चालकाचा पाय पेडलवर असता तर हा बदल त्याला तळव्यातूनच कळला असता.

पुढची पायरी अनुकूली क्रूझ कंट्रोलची. यात गाडीच्या नाकावरचा रडार, बहुधा ७७ गिगाहर्ट्झचा, पुढील वाहनाचे अंतर व सापेक्ष वेग मोजतो आणि गरज पडल्यास ब्रेकही लावतो. अंतर मीटरऐवजी सेकंदांत ठरते. ताशी ८० किमीला २ सेकंद म्हणजे सुमारे ४४ मीटर. सिंधुदुर्गातल्या खारेपाटण ते झाराप या चौपदरी टप्प्यावर ती सुखाची वाटते. घाटातल्या तीव्र वळणावर मात्र पुढची गाडी रडारच्या अरुंद झोतातून निसटते, रस्ता मोकळा झाला असे यंत्रणेला वाटते आणि ती वेग वाढवू लागते. शिवाय फलक आणि पूल यांच्या प्रतिध्वनींनी उगाच ब्रेक लागू नये म्हणून अनेक यंत्रणा स्थिर वस्तूंकडे दुर्लक्ष करतात. पावसाळ्यात रात्री त्यातल्या त्यात कोरड्या डांबरावर रवंथ करत बसलेली गुरेही मग त्याच हिशेबात जमा होतात.